कापसाच्या घरात चिकटपट्टी

रोहिणखेड व पंचक्रोशीतील समस्त बंधू-भगिनींना, तसेच माझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसून फुकट पेपर वाचणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चिकटपट्टी निवडणे हे मुलगी पाहण्यापेक्षा अवघड काम आहे. मुलगी पाहायला गेलेला माणूस पोहे खाऊन घरी येतो आणि सावकाश नकार कळवतो. चिकटपट्टीला नकार कळवायचा तर कातडंही सोबत जातं. हे ज्ञान मला फार्मसीच्या कॉलेजात मिळालेलं नाही. ते सुभद्राकाकूने दिलं, भर दुकानात आणि खड्या आवाजात.

खडा आवाज हा काकूचा दोष नव्हता, तो तिचा स्वभावच होता. तिला कुजबुजता येत नसे. "कोनाले सांगू नको बरं" अशी तिची सुरुवात झाली की मशिदीच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंही ऐकायला सरसावून बसत. उंच, काटकुळी बाई. नाकात मोठी मोरणी. हातात कुठलाही जिन्नस आला की आधी त्याचा वास घ्यायची. साबण, मेथीची जुडी, मी दिलेली तापाची गोळी, सगळ्यांना एकच कायदा. कापसाची मात्र ती चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढायची आणि तुटताना कानाशी न्यायची. "आयकू येते का?" असं ती मला लहानपणी विचारायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. "मंग तू दुकानच टाक," असं तिने माझ्या बापासमोर सांगितलं, आणि पुढे मी खरंच दुकान टाकलं.

बीटीचं बियाणं आलं तसा आमच्याकडे ज्वारी-मुगाने काढता पाय घेतला आणि शिवारभर कापूस झाला. पहिली काही वर्षं झकास गेली. पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले, पोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या. मग अळी हुशार झाली, बियाणं थकलं, फवाऱ्याने माणसं चक्कर येऊन पडायला लागली. शेतकऱ्याच्या हातात एकच खेळ उरला: वेचलेला कापूस घरात भरायचा आणि भावाची वाट पाहायची. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोदामात नव्हे, घरात भरायचा. आधी पुढच्या खोलीत, मग मधल्या, मग देवाच्या कोनाड्याला टेकेपर्यंत. स्वयंपाकघराकडे जायला मध्ये एक बोळ ठेवायचा. पाहुणा आला की त्याला कापसावर बसवायचं, झोपायचंही त्यावरच. राजाच्या गादीला लाजवील इतकं मऊ असतं, आणि ऊन तापायला लागलं की त्याची अशी खाज सुटते की काही विचारू नका. धूळ, तूस, मेलेल्या किड्यांचा भुगा, सगळं अंगावर बसतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आमची अख्खी गल्ली एकमेकांशी बोलता बोलता खाजवत असे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

या खेळात काकू गल्लीची कप्तान होती. तिची पद्धत तिच्यापुरतीच होती. व्यापारी दारात आला की ती चहा विचारायची. "नको काकू, घाई हाय," म्हणाला तर भाव चढणार. बूड टेकून चहा घेतला तर पडणार. "ज्याले माल पाह्यजे त्याले घाम फुटलेला असते," ती म्हणायची, "ज्याले नको त्याले बशी लागते." एका वर्षी गल्लीने दिवाळीलाच कापूस देऊन टाकला. काकूने दिला नाही. व्यापारी चहा न घेता गेला होता. आखाजीच्या सणाच्या तोंडावर भाव असा उसळला की शेजारचे शेषराव जेवण सोडून दोन्ही हात डोक्याला लावून ओट्यावर बसले. त्या दिवसापासून गल्लीत भाव कोणी विचारत नसे. सकाळी दात घासत बाहेर यायचं आणि काकूच्या दाराकडे पाहायचं. दारात ट्रॅक्टर नाही ना? मग आपणही थांबायचं. चूळ भरून आत जायचं.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली.

तिचा नवरा रामभाऊ. या माणसाने लग्नात बोलण्याचा सगळा कारभार बायकोकडे सोपवला होता आणि तो पुन्हा कधी मागितला नाही. तो तिला औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डाव्या बाजूची छाती काढावी लागणार होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चाचरत चाचरत सांगितलं की पोटाचं मांस घेऊन छाती पुन्हा तयार करता येते, काही बायका करून घेतात, तुमचं वय पाहता तुम्हाला कदाचित नको असेल. पुढचं संभाषण काकूने परत आल्यावर माझ्या दुकानात दोन्ही भूमिका करून दाखवलं.

"मी म्हनलं, बाई, कापसाच्या ओळीत चार ठिकानी बी उगवलं नाही तं आमी काय करतो? तसंच सोडतो का? नांग्या भरतो. पुन्हा बी टोचतो. मंग माह्या वावरात नांगी काऊन ठेवाची?"

"मग काय म्हणाल्या त्या?"

"हासली आन रडलीबी. लेकरू हाय ते. आता पोटाचंच वर लावलं रे. खाल्लेलं अंगी लागते म्हनतात ना, ते मले असं लागलं."

पायरीवरचे ज्येष्ठ नागरिक एकदम पेपरच्या आड गेले. एकाचा पेपर उलटा होता.

गल्लीतल्या बायकांनी मात्र पेपर धरलेले नव्हते. हापशावर शेषरावची बायको म्हणाली, "या वयात कोनाले दाखवाची व्हती वं माय?"

"मले," काकू कळशी उचलत म्हणाली. "सकाळी न्हानीत मीच राह्यतो तिथं. तुहा नवरा नाही येत."

जखमा भरल्या, टाके निघाले. मग खरी गोष्ट सुरू झाली. छातीवर एक लांब व्रण होता, पोटावर एक. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता पुष्कळ महिने या व्रणांवर पट्टी लावून ठेवायची. कातडी ताणली गेली, खाजवली, तर व्रण दोरखंडासारखा फुगतो आणि हातही ओढतो. सपाट राहिला तर पुढचं उरलेलं काम करू. उरलेलं काम म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करणं आणि टोक बसवणं. काकूच्या भाषेत, "सध्या बिनदेठाचं वांगं हाय." तिला देठ हवा होता. तिने ते इतक्या सहजपणे सांगितलं होतं की तो तिला किती हवा होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एकदा फक्त, दुकानात कोणी नसताना, ती म्हणाली, "पुरं झालं ना प्रकाश, की मी इसरून जाईन. आता अर्धं हाय म्हनून ध्यानात राह्यते." तेवढं एक वाक्य तिला हळू बोलता आलं.

तर निवड. काकू काउंटरसमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "छातीच्या वळावर लावाची पट्टी दाखव. सगळ्या दाखव."

मी कागदी टेप काढला, कापडी काढला, शेवटी मागवून घेतलेली सिलिकॉनची पट्टी काढली. तिने प्रत्येकाचा वास घेतला. प्रत्येकाचा तुकडा ओढून, सुटतानाचा चर्र आवाज कानाशी नेऊन ऐकला. मग कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला तुकड्यांची रांगच लावून घेतली आणि हात पुढे धरून गावभर फिरली, जणू मेंदी काढली आहे. जी भेटेल तिला दाखवायची. दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आली.

"कापडाचा टेप म्हंजे सासू हाय," ती म्हणाली. "धरलं तं सोडत नाही, सोडलं तं कातडं घिऊन जाते. तो नको."

"कागदी?"

"तो जवाई. घामाचा एक थेंब दिसला का उठून चालला. पन गरीब हाय, तरास देत नाही."

"आणि सिलिकॉन?"

तिने पट्टी बोटाने दाबून पाहिली. "हे शहरातली सून. रोज धुवा, सुकवा, पुन्हा हळूच बसवा. सोभाव चांगला वाटते, पन आपल्या घरात टिकाची नाही."

तिने जावई पत्करला. डॉक्टरीणबाईंनीही कागदी टेपच सांगितला होता, त्यामुळे निकालावर शिक्कामोर्तब झालं. लावायचा कसा हे तिला पाठ होतं: कातडी कोरडी हवी, ताण न देता व्रणावर नुसता ठेवायचा, आपोआप सुटेपर्यंत ओढायचा नाही.

पण तो आपोआपच सुटायला लागला. कडा उचलल्या जात आणि त्यांना बारीक पांढरं तूस धरे. "टेपाले मिशा फुटल्या," काकू म्हणायची. मग खाज यायला लागली. टेपच्या दोन्ही बाजूंना लाल पुरळ. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांना वाटलं टेपच्या गोंदाची ॲलर्जी असावी. बदलून पाहा म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं, फोनवर घर दिसत नाही. मी दुसऱ्या जातीचा कागदी टेप मागवला. त्यालाही मिशा फुटल्या. मग शहरातली सून घरात आली. काकू तिला रोज धुवायची, पण सुकायला ठेवली की तिच्यावर एवढं तूस बसे की ती पट्टी न वाटता मांजराचं पिल्लू वाटे. काकू दर काही दिवसांनी येऊन स्टुलावर बसायची, "दाखव नवीन काही असंल तं," म्हणायची आणि हाताच्या आतल्या बाजूला पुन्हा रांग लावून घ्यायची. गावातल्या चारचौघींनाही आता टेप कळायला लागले होते. रहमतचाची, म्हणजे शफीक सुताराची आई, मला एकदा पोक्तपणे म्हणाली, "बेटा, वो जमाई अच्छा नहीं निकला. दुसरा देख."

काकूला उन्हात हेलपाटा नको म्हणून एकदा सिलिकॉनची नवी पट्टी मीच तिच्या घरी नेऊन दिली. दार अर्धंच उघडत होतं. आत कापूस. चौकटीच्या वर कापूस, खिडकी दिसत नाही, दिव्याचं बटण कुठे असेल हे अंदाजाने. रामभाऊ कापसाच्या उतारावर पाय पसरून पाठ खाजवत बसले होते. काकू त्या बोळातून आडवी होत बाहेर आली, केसांवर तूस, भुवयांवर तूस, पदर डाव्या बाजूला घट्ट ओढलेला.

"काकू," मी म्हणालो, "अगं टेपचा दोष नाही. हा कापूस खाजवून राह्यला."

"मले मालूम हाय," काकू म्हणाली. "तू पट्टी दे."

"कधीपासून मालूम?"

"पहिल्या टेपापासून. खाजेचा वास मले समजत नाही का? जलम कापसात गेला."

"मग विक ना!"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली जणू मी तिला चूल विकायला सांगितली. मग तिने गल्लीकडे हात केला. शेषरावचं घर भरलेलं. पलीकडचं भरलेलं. सुतारकी करणाऱ्या शफीकनेही भाड्याच्या वावरातला कापूस घरात ठेवला होता, रहमतचाचीची बाज कापसावरच टाकलेली होती. "हे सारे माह्या दाराकडं पाहून थांबले," काकू म्हणाली. "माह्या दारात ट्रॅक्टर लागला का सांजच्याले सगळ्या गल्लीचा कापूस बाहेर. आन तवा भाव मातीचा हाय. एका वळापायी एवढ्यायच्या घरात माती टाकू?"

"मग दुसरीकडे तरी झोप."

"कुठं? गल्लीत कापूस नाही अशा दोनच जागा हायेत. तुहं दुकान आन मशीद. दोन्हीकडं मले झोपू देनार नाही कोनी."

त्या वर्षी खरी गंमत अशी होती की व्यापारी आलाच नव्हता. चहा घेतलाही नाही, नाकारलाही नाही. गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली होती, निम्मा कापूस पिवळट, कवडी पडलेला, म्हणजे नीट न उमललेला. असा माल पाहायला कोण येणार? काकूच्या पद्धतीला उत्तर द्यायला समोर माणूसच नव्हता. ती तरी दर सकाळी साखर-पत्ती पाहून ठेवायची.

मग दुपारी ती माझ्या दुकानात येऊन बसू लागली. मागच्या बाजूला औषधांच्या खोक्यांमध्ये खुर्ची, वर पंखा. घरून धुतलेली साडी पिशवीत आणायची, आत बदलायची, नवी पट्टी लावायची आणि तासन्‌तास ताठ बसून राहायची, अंड्यावर कोंबडी बसते तशी. या काळात तिने माझ्या गिऱ्हाइकांचे फार हाल केले. कोणी खोकल्याचं औषध मागितलं की आतून आवाज यायचा, "आधी बिड्या सोड!" कोणी हळूच येऊन काही मागितलं की आतून, "मोठ्यानं बोल बापा, मले आयकू येत नाही." धंदा थोडा बसला, पण पायरीवरची गर्दी वाढली. त्या दुपारांमध्ये पुरळ थोडं उतरलं. संध्याकाळी ती घरी जायची आणि सकाळपर्यंत सगळं परत आलेलं असायचं.

रामभाऊंनी एकदाच तोंड उघडलं, तेही माझ्यासमोर, तिला ऐकू जाईल असं. "मागच्या दारानं काढू. एकेक गाठोडं. फटफटीवर. कोनाले दिसनार नाही."

"मले दिसंल," काकू आतून म्हणाली.

रामभाऊंनी तोंड पुन्हा मिटलं.

व्रण फुगला. आधी मध्यभागी, मग दोन्ही टोकांना, लालसर, जाड. झोपेत नखं लागून एका ठिकाणी फुटलाही. फुटल्या जागी पट्टी लावायला मनाई होती. डावा हात खांद्याच्या वर जाईना, वेणी रामभाऊ घालायला लागले. तिने ती सुद्धा मला दाखवली, "पाह्य, बैलाची येसन वळल्यासारखी वळते." पुढे तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी व्रण पाहिला, मग काखेत हात घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

परत आल्यावर काकू नेहमीसारखी स्टुलावर बसली. मी सवयीने टेपचं खोकं पुढे ओढलं. तिने एक तुकडा उचलला, वास घेतला, परत ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "बोंड वरून हिरवंगार दिसत व्हतं. अळी आत हाय."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"पुन्हा दवाई लावतो म्हने. देठाचं काही बोलली नाही. मीबी इचारलं नाही. लेकरू हाय ते, रडंल पुन्हा."

पायरीवर कोणी पेपर उघडला नाही. ती उठली, एका हाताने पदर सारखा केला आणि जाता जाता एका ज्येष्ठ नागरिकाला म्हणाली, "काय झालं बे सगळ्यायले? माह्या मरनाची बातमी छापून आली का आज?" तरीही कोणी हसलं नाही. हे तिला अजिबात आवडलं नाही.

तिला औरंगाबादला नेण्यासाठी शफीकने ओळखीची जीप सांगितली होती. सकाळची वेळ, ऊन नुकतं भिंतींवर आलेलं. मी दुकान उघडत होतो. काकू पुढच्या सीटवर बसली होती, डावा हात मांडीवर ठेवलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत धुतलेल्या साड्या. नुसती निरोपाची मान हलवायला ती तयार नव्हती. जो दिसेल त्याला काचेतून काहीतरी सुनावत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आत आला आणि काकूच्या दारासमोर उभा राहिला.

रामभाऊंनी तो बोलावला होता. कोणाला न विचारता. आयुष्यातला पहिला निर्णय असावा. त्यांनी दाराची दुसरी फळी उघडली आणि आत हात घालून कवेत मावेल तेवढा पहिला कापूस बाहेर ओढला. मला पाहून एवढंच म्हणाले, "ती येईल तवा घरात खाज नको."

काकूने ते ऐकलं की नाही माहीत नाही. तिने काच पूर्ण खाली घेतली होती आणि ती ट्रॅक्टरकडे पाहत होती. तोंड उघडलं, पण त्या बाईच्या तोंडातून आवाज निघाला नाही. जीप सुरू झाली. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती, दात घासता घासता, चुळा तोंडात, आणि एकाचंही तोंड जीपकडे नव्हतं. सगळे ट्रॉलीत पडणाऱ्या कापसाकडे पाहत होते. जीप अगदी त्यांच्यामधून हळूहळू निघाली. तिची खिडकी शेषरावच्या ओट्यासमोर आली, शेषरावांनी तोंडातलं पाणी थुंकलं, आणि घराच्या आत पाहून ओरडले,

"अबे, काकूचाच कापूस निंघाला! आता भाव काही येत नाही, काढा बे आपलाबी!"